खोकी फाडणाऱ्या आक्का

नव्या सुट्या भागाचं खोकं हातात आलं की आक्का आधी ते फाडून कोपऱ्यात भिरकावायच्या. मग आतली वस्तू उजेडाकडे धरायच्या, चष्मा कपाळावरून नाकावर आणायच्या आणि वस्तूवरचा बारीक नंबर वहीत उतरवून घ्यायच्या. “खोकं लई बोलतं,” म्हणायच्या. “ज्याला काम येतं, त्याला एवढं बोलावं लागत न्हाई.”

आक्का भोकरकडच्या. वडिलांसोबत शेतातल्या मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करता करता त्या कॉम्प्युटरकडे वळल्या आणि नांदेडात एका बोळात त्यांनी दुकान थाटलं. बाजारातले दुकानदार पाठीमागं त्यांना ‘स्टार्टर आक्का’ म्हणून हसत. हे त्यांच्या कानावर गेलं, तेव्हा त्यांनी दुकानाच्या पाटीवर तेच नाव रंगवून घेतलं.

आम्ही हॉस्टेलवरच्या पाच जणी मिळून गेम खेळायचो. लातूरच्या एका पोराचा सर्व्हर होता, म्हणजे सगळ्यांचा खेळ एकत्र चालवणारा कॉम्प्युटर; आसपासचे सगळे तिथंच खेळायचे. आम्ही लागोपाठ जिंकायला लागलो, तेव्हा त्यानं जाहीर केलं की या पोरी नाहीतच, पोरींच्या नावानं पोरं खेळून राहिलेत. आणि आम्हाला कायमचं बाहेर काढलं. हरत राहिलो असतो तर पोरी म्हणून खपलो असतो! अंगाचा तिळपापड झाला. आपला सर्व्हर आपण बांधायचा, असं आम्ही त्याच दिवशी ठरवलं आणि आक्कांचं दुकान गाठलं.

आक्कांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, “एका वक्ताला किती जण खेळतील?”

“वीसेक.”

आम्हाला रंगीत दिवे आणि पडद्यावर चित्रं दाखवणारं भलंमोठं ग्राफिक्स कार्ड हवं होतं. आक्कांनी ते उडवूनच लावलं. “त्याला काय बघायचं हाय? बघणारे आपापल्या घरी बसलेत. ह्यानं निस्तं झरझर गणित करायचं.” म्हणून प्रोसेसर चपळ घ्यायचा आणि वाचलेले पैसे चांगल्या पॉवर सप्लायवर आणि यूपीएसवर घालायचे, कारण इथल्या लाईटचा काही नेम नाही.

खरी पंचाईत नातेवाइकांनी केली. आमच्याकडं पोरीनं काही करायचं म्हटलं की घरचे आधी नको म्हणतात आणि मग मायेनं घरात पडलेलं काहीतरी देतात. एकीच्या दादानं दिलेल्या कॅबिनेटमध्ये मदरबोर्ड मावेना. दुसरीच्या काकांनी दिलेल्या प्रोसेसरचं सॉकेटच वेगळं, तो बोर्डावर बसेना. माझ्या लोह्याच्या मामांनी कुठल्याशा ऑफिसनं काढून टाकलेल्या मोठ्या सर्व्हरच्या मेमरीच्या चार पट्ट्या आणल्या. माझा हॉस्टेलचा खर्च मामाच करायचे, आणि दिलेली वस्तू परत करायची आमच्यात रीत नाही. आक्कांनी नंबर वाचला आणि पट्ट्या माझ्या हातात ठेवल्या.

“ह्या परत दे.”

“आक्का, मामा रुसतील.”

“मंग त्यांना जेवू घाल. बोर्डाला रुसवेफुगवे कळत न्हाईत.”

मी भीत भीत फोन केला आणि मामा लोह्याहून तडक दुकानात हजर झाले. आक्कांनी त्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि पट्टी त्यांच्याच हातात दिली. “तुमीच बसवा.” पट्टी खटकन बसली.

“बसली की!” मामा म्हणाले.

“हाव, बसली. आता चालू करा.”

पंखा फिरला, स्क्रीन काळाच राहिला. मामांनी चारही पट्ट्या बसवून पाहिल्या. खाच सारखी असली तरी त्या मेमरीची बनावट वेगळी होती, हा बोर्ड तिला ओळखतच नव्हता. “मामा, तुमची वस्तू खराब न्हाई,” आक्का म्हणाल्या. “ह्या बोर्डाची न्हाई.”

“सोयरिकीत बी जुळवून घ्यावं लागतं, बाई.”

“माणसं घेतात जुळवून. लोखंड न्हाई घेत. आन् पोरींनी बी किती घ्यावं?”

मामा ताडकन उठले. “सामान बांध गं. गेम खेळायला ठिवलं का तुला हितं?” त्यांच्या आवाजासरशी उठायची मला जन्माची सवय. त्या दिवशी मी उठले नाही. “हे झाल्यावर येते, मामा,” म्हणाले. ते पट्ट्या घेऊन निघून गेले आणि दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. हॉस्टेलची फी मात्र भरत राहिले.

आक्का मागच्या वर्षी गेल्या. तिथं आता मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे आणि त्या बोळातून जायला मला अजून नको वाटतं. नोकरीत कुणी “घे ना जरा जुळवून” म्हणालं की आक्का आठवतात आणि मी जुळवून घेत नाही.

सर्व्हर सुरू झाला त्या रविवारी आक्का दुकानात आमच्या मागं खुर्ची टाकून बसल्या होत्या. गेम त्यांना कळत नव्हता. दर थोड्या वेळानं “आपल्या कोण्त्या?” विचारायच्या. दुपारी लाईट गेली, यूपीएसवर सर्व्हर चालूच राहिला. आमच्याकडं खेळ अडखळत नाही ही बातमी पसरली आणि आत येऊ मागणाऱ्यांच्या यादीत लातूरच्या त्या पोराचं नाव दिसलं. चौघी ओरडल्या, “हाकल त्याला!” माझंही बोट बटणावर गेलं होतं.

“येऊ द्या,” आक्का म्हणाल्या. “हरवायला माणूस लागतो की.”

त्याच्या सर्व्हरवर टोमण्यांना भिऊन आम्ही माइक बंद ठेवायचो. त्या दिवशी चालू ठेवला. संध्याकाळपर्यंत तो सात वेळा हरला, आणि दर वेळी आम्ही पाची जणींनी त्याला आपापलं पूर्ण नाव सांगितलं.