आजीच्या कानातलं मशीन

माझ्या मैत्रिणीनं जन्मात एकही गोष्ट वाया घालवलेली नाही, हे परवा-परवापर्यंत मी शपथेवर सांगितलं असतं, आणि मी शपथा सहसा घेत नाही. मैत्रीण म्हणजे शेजारची आजी. ती नव्वदीच्या पलीकडची, मी पंचविशीच्या अलीकडची. पण समजायला लागल्यापासून मला दुसरी मैत्रीण झालेली नाही, तेव्हा हा शब्द वापरायचा मला हक्क आहे. कर्जतच्या इंग्रजी शाळेत मी इंग्रजीत गप्प असायचे आणि घरी येऊन मराठीत गप्प बसायचे. आजीच्या ओटीवर मात्र बोलायची सक्ती नव्हती. तिचा जन्म मंदीतला. भात घ्यायला गिऱ्हाईक नव्हतं आणि अंगावर घ्यायला कापड नव्हतं अशा सालात तू आलीस, असं तिच्या आईनं तिला सांगितलं होतं. पुढे लढाईच्या दिवसांत साखर आणि रॉकेल मापानं मिळताना तिनं स्वतः पाहिलं. ती टंचाई संपल्याचं तिला कुणी कळवलेलं नसावं.

तिच्या दोरीवर कपड्यांपेक्षा धुतलेल्या दुधाच्या पिशव्या जास्त वाळत असत. तांदळाच्या गोणीची शिवण ती कधी कापत नसे. धाग्याचं टोक शोधून अख्खी शिवण सरसर उसवायची आणि तो धागा नारळाएवढ्या गुंड्यावर गुंडाळून ठेवायची. भाताला कढ आला की गॅस बंद. मग पातेलं गोधडीत गुंडाळून कोपऱ्यात बसवायचं, पुढचं शिजवायचं काम गोधडी करायची. त्या भाताची चव आमच्या कुकरला आजवर जमलेली नाही. लावणी झाली की बांधावर टाकून दिलेली भाताची रोपं ती उचलून आणायची आणि फुटक्या बादलीत लावायची. एका वर्षी त्या बादलीला ओंजळभर तांदूळ झाले. तिनं त्यांची खीर केली आणि सगळ्या आळीला चमचा-चमचा वाटली. प्रसाद घ्यावा तशी सगळ्यांनी ती हात पुढे करून घेतली. कुणी हसलं नाही.

तिचा नवरा भिवपुरीच्या वीजघरात कामाला होता. डोंगरावरून उतरणारे वीजघराचे मोठाले पाइप तिच्या ओटीवरून दिसतात. तरीही तिच्या घरात एका वेळी एकच दिवा लागायचा, आणि ती स्वयंपाकघरातून ओटीवर आली की तोही विझायचा. एकदा मी धीर करून म्हटलं, "आजी, वीज इथेच तर तयार होते." ती म्हणाली, "विहीर दारात हाय म्हून काय पाणी सांडायचं?"

मग तिच्या मुलानं, आमच्या काकांनी, तिला कानाचं मशीन आणून दिलं. त्यात गोळीएवढी बॅटरी. झाकण उघडलं की मशीन बंद होतं आणि बॅटरी वाचते, हे तिला दुकानदारानं सांगितलं आणि आळीचा घात केला. त्या दिवसापासून कुणाचं बोलणं बॅटरी जाळण्याच्या लायकीचं आहे, हे आजी ठरवू लागली. मतं मागायला आलेल्या पुढाऱ्याचं तिनं पहिलं वाक्य ऐकलं, हात कानाकडे नेला, टक् केलं आणि पुढचं सगळं भाषण प्रसन्न चेहऱ्यानं मान डोलावत पार पाडलं. तो खूश होऊन गेला. समोरच्या काकूंना तर ती आधीच बजावायची, "कामाचं तेवढं बोल गं, बॅटरी जाते." मी फाटक उघडलं की मात्र ती आपणहून झाकण लावायची. मी तासभर काही बोलले नाही तरी तिचा हात कानाकडे गेला नाही; मी कधीही बोलेन म्हणून असेल, असं मला वाटायचं.

गेल्या वर्षी ती पहाटे मोरीत पडली. हाड मोडलं नाही, पण बऱ्याच वेळानं दूधवाल्यानं पाहिलं तेव्हा कळलं. काका रसायनीहून धावत आले. त्यांचा तिथे फ्लॅट आहे. आई, आता तिकडेच चल, म्हणाले. टक्. काकांबरोबर आलेल्या त्यांच्या बायकोनं, आमच्या रसायनीच्या काकूंनी, रडून पाहिलं. टक्. शेवटी काका आमच्या घरी आले आणि मला म्हणाले, "तुझं ऐकते ती. तूच सांग." माझ्या एकुलत्या मैत्रिणीला जायला मीच सांगायचं होतं.

मी ओटीवर जाऊन बसले. तिनं झाकण लावलं. मी घोकलेलं म्हणायला सुरुवात केली, "काका म्हणतात की तिकडे लिफ्ट आहे, डॉक्टर..."

"तो काय म्हणतो ते मला ठाव हाय," आजी म्हणाली. "तू काय म्हणतेस?"

हे मला सहसा कुणी विचारत नाही. मग खरं ते सांगितलं. तू जाऊ नयेस असंच मला वाटतं. पण त्या दिवसापासून मी रोज पहाटे उठून भिंतीला कान लावून बसते, तुझ्या भांड्यांचा आवाज येईपर्यंत.

आजीनं पदरानं ओटीवरची नसलेली धूळ पुसली.

"मग जाते," ती म्हणाली. "माझ्यापायी तुझी झोप कशाला फुकट घालवायची?"

जाताना तिनं तो धाग्याचा गुंडा माझ्या हातात ठेवला.

आता शेजारच्या दोरीवर काही वाळत नाही. मी अधूनमधून रविवारी रसायनीला जाते. काकू सांगतात, एरवी मशीन डबीत पडून असतं; मी दारात दिसले की आजी डबी मागते. परवा माझ्याजवळ सांगण्यासारखं काहीच नव्हतं. आम्ही दोघी खिडकीशी बसून कारखान्याच्या धुराकडे पाहत होतो. आजी हल्ली फार थकली आहे. बसल्या बसल्या तिचे डोळे मिटत होते. शेवटी मलाच राहवलं नाही. म्हटलं, "आजी, बंद कर ना. मी काही बोलत नाहीये. बॅटरी उगाच जाते."

"जाऊ दे गं," ती डोळे न उघडता म्हणाली.

तिला काही वाया घालवताना मी पहिल्यांदाच पाहत होते.