चिलखती गाडीची डावी बाजू

कुरणे मास्तरांची आणि माझी पहिली ओळख माझ्या फुटक्या साबणाच्या डबीमुळे झाली. मी शाळेत संस्कृत शिकवायला नुकताच रुजू झालो होतो. शिक्षकांच्या खोलीत ती डबी मी केराच्या टोपलीत टाकली, तोच एक गृहस्थ उठले. त्यांनी ती उचलली, तिच्यावर फुंकर मारली आणि म्हणाले, "शास्त्रीबुवा, टाकायचीच हाय तर मला द्या की." हे आमच्या शाळेचे चित्रकलाशिक्षक श्री. शंकरराव कुरणे. माणूस केरातून डबी का उचलतो हे मला कळेना, आणि जे कळत नाही त्याला मी भितो. आज मास्तरांच्या षष्ट्यब्दीनिमित्त चार शब्द लिहिताना हे आरंभीच सांगून टाकलेलं बरं.

मी जन्माचा भित्रा. मोकळ्या म्हशीला, शाळा तपासनिसाला, तार घेऊन येणाऱ्या शिपायाला, सगळ्यांना सारखाच भितो. आपल्या शिक्षक मंडळातले स्नेही यावरून माझी यथेच्छ थट्टा करतात. मास्तरांनी मात्र ती कधी केली नाही, आणि त्याचं कारण सांगण्यासाठीच हा लेख आहे.

डबीचं कोडं महिन्याभरात सुटलं. मास्तर रिकाम्या वेळी हातभर टेबलावर लहान लहान गाड्या करीत: टांगा, उसाची गाडी, गावोगाव जाणारी सर्व्हिस मोटार. पण लाकडाच्या नव्हेत, प्लॅस्टिकच्या. तेव्हा प्लॅस्टिक नवलाईचं होतं. मास्तर फुटक्या डब्या, दात पडलेल्या फण्या, ब्रशाच्या दांड्या, कोटाची बटणं असं काय मिळेल ते जमवीत. बारीक करवतीनं कापायचं, गरम पाण्यात मऊ करून वाकवायचं आणि औषधाच्या दुकानातून आणलेल्या उग्र वासाच्या द्रवाच्या थेंबानं चिकटवायचं. मूळचे ते हातकणंगल्याकडचे, शेतकरी घरातले, बोलणं रोखठोक. त्यांचा एक नियम होता: "जे डोळ्यांनी बघितलं न्हाय, ते हातानं करायचं न्हाय."

या नियमानं एकदा आम्हाला चौकीपर्यंत नेलं.

संस्थान विलीन व्हायच्या सुमाराचे ते दिवस. रोज नवी अफवा उठे. पाच माणसं एकत्र उभी राहिली की सहावा हळूच निघून जाई. अशात शाळेच्या वाटेवर, सरकारी कचेरीच्या भिंतीला लागून, एक चिलखती गाडी येऊन उभी राहिली. राखाडी रंग, वर फिरता बुरूज, त्यातून बाहेर आलेली बंदुकीची नळी. ती नळी आपल्याकडेच वळते, असं त्या रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला वाटे. लहान मुलं रडू लागली, काहींनी शाळाच सोडली. मी तर तीन गल्ल्यांचा वळसा घालून शाळेत जाऊ लागलो.

मास्तर वर्गातली रिकामी बाकं बघून म्हणाले, "ज्याचं भ्या वाटतंय न्हवं, ते एकदा हातात धरून बघावं." आणि त्यांनी ती गाडी करायला घेतली. येताजाता नजरेनं मापं घेतली. माझ्या डबीचं अंग झालं, विजेच्या बटणाच्या गोल झाकणाचा बुरूज झाला, फणीचे दात कापून टोकांचे पत्र्यावरचे रिव्हेट झाले, बटणांची चाकं झाली. पंधरवड्यात उजवी बाजू हुबेहूब उतरली. डावी कोरीच राहिली, कारण खऱ्या गाडीची डावी बाजू भिंतीकडे होती आणि ती गावात कुणीच पाहिली नव्हती.

"उजवीसारखीच करा ना," मी म्हणालो.

"बघितली न्हाय. उद्या दुपारी जाऊ."

मीही 'जाऊ' का म्हणालो, हे मला अजून सांगता येत नाही. नाही म्हणायचीही भीती वाटली असेल.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. रस्ता ओस पडला होता. गाडी आणि भिंत यांच्यामध्ये माणूस आडवा शिरेल एवढी फट होती. मास्तर फटीपाशी पोचले आणि मागून आवाज आला, "ओ पावणं! तिकडं कुठं निघालासा?"

पहारेकरी बंदूक घेऊन उभा होता. संशयावरून उचललं तर नोकरी जाणार, घरी आई आणि दोन बहिणी, हे सगळं एका क्षणात डोळ्यांसमोर आलं. पडू नये म्हणून मी मास्तरांचा हात घट्ट धरला. आम्हाला शेजारच्या चौकीत नेलं, तेव्हाही तो सोडला नव्हता.

फौजदार आडव्या अंगाचे होते. मास्तरांनी सरळ खरं सांगितलं, पिशवीतून गाडी काढून टेबलावर ठेवली. फौजदारांनी ती उलटसुलट केली, बोटानं बुरूज फिरवला. मग त्यांची नजर आमच्या हातांवर गेली. "आनि ह्यो कोन? ह्याचा हात का धरलाय?"

मास्तर म्हणाले, "साहेब, मला लई भ्या वाटतंय. एकट्यानं यायचं धाडस हुईना, म्हणून ह्यास्नी वढून आणलंय. ह्यांचा काय संबंध न्हाय, ह्यास्नी जाऊ द्या."

भीती माझी, पण ती त्यांनी सर्वांसमक्ष आपल्या नावावर घेतली. मी गेलो नाही. त्यात शौर्य नव्हतं, पाय उचलतच नव्हते.

फौजदारांनी गाडी पुन्हा उचलली, तिच्या कोऱ्या डाव्या बाजूवरून बोट फिरवलं. शेवटी पहारेकऱ्याला म्हणाले, "दाव रं ह्यास्नी डावी बाजू. हात लावू दिऊ नगंस." पहारेकरी जागचा हलेना, नुसता लाजला. आम्हीच बाहेर येऊन फटीत डोकावलो. ज्या गाडीनं अख्ख्या गावाची झोप उडवली होती, तिच्या डाव्या बाजूला सुतळी बांधून दोन बनियनं आणि एक लाल लंगोट वाळत घातला होता.

"तालमीला जातुय," पहारेकरी पुटपुटला. "हितं दुपारचं ऊन चांगलं लागतंय."

मास्तरांनी पाहिलं तसंच केलं. ब्रशाच्या लाल दांडीतून नखाएवढा लंगोट कोरून डाव्या बाजूला टांगला. गाडी वर्गात हातोहात फिरली, मुलं हसून लोळली आणि दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यानं शाळेत आली. मीही आठवड्याभरात आलो.

पुढे एकदा मी त्यांना म्हणालो, "मास्तर, माझी अब्रू राखायला तुम्ही खोटं बोललात." ते म्हणाले, "खोटं कशाला? तुमचा हात एवढा थरथरत हुता, की माझा थरथरलेला कुनाला दिसला न्हाय."

आता मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. या समारंभानंतर मिरजेला शस्त्रक्रिया आहे. पट्ट्या बांधून, मान न हलवता कित्येक दिवस पडून राहायचं, आणि नजर परत येईल याची हमी कुणी देत नाही. परवा मला म्हणाले, "शास्त्री, येताय न्हवं?" तेव्हापासून मला धड झोप नाही. 'हात का धरलाय' असं डॉक्टरांनी विचारलं तर द्यायचं उत्तर मी पाठ करून ठेवलं आहे: डॉक्टर, भीती मला वाटते. यांना मीच ओढून आणलंय.

ती गाडी मी बरोबर नेणार आहे. पट्टी सुटेल तेव्हा तिची डावी बाजू त्यांच्याकडे करून समोर धरीन. परमेश्वरानं मास्तरांना शंभर वर्षांचं निरोगी आयुष्य द्यावं, आणि त्या दिवशी तो नखाएवढा लाल लंगोट त्यांना लख्ख दिसावा.