न बांधलेलं पागोटं

आबांचं कपाळ दोन रंगांचं होतं, हे मला आजोबा गेले त्या दिवशी कळलं. आबा म्हणजे माझे वडील. बाजार समितीत मापाडी होते, दिवसभर उन्हात उभे, डोक्यावर पांढरी टोपी. टोपीखालची पट्टी गोरी राहिली होती आणि भुवयांपासून खाली चेहरा रापलेला. त्या दिवशी ते तासलेल्या डोक्याने ओट्यावर बसले होते आणि मी त्यांच्याजवळ जायला घाबरलो. तेराव्यापर्यंत ते तसेच उघड्या डोक्याने वावरले. तेराव्याला त्यांच्या मामांनी त्यांना पाटावर बसवून नवं पागोटं बांधलं, आणि ते पुन्हा माझे वडील दिसू लागले. मग सगळे जेवायला बसले. आमच्याकडे दुःख असं संपतं. संपत नसेल, पण बाहेरचा माणूस येऊन डोकं झाकतो आणि आता पुरे म्हणतो. स्वतःचं स्वतः बांधायचं नसतं.

नंतर एकदाच मी आबांना बोडकं पाहिलं. माझ्या कॉलेजच्या प्रवेशासाठी ते तिथल्या साहेबांच्या खोलीत टोपी काढून, ती दोन्ही हातांत धरून उभे राहिले होते. आमच्या घराण्यात पहिली पदवी माझी आहे, आणि ती त्या उभं राहण्यावर मिळालेली आहे. हे मी विसरलेलो नाही.

सार्सची साथ आली त्या वर्षी मी सिंगापूरला पाया लेबार भागातल्या एका ऑफिसात हिशेबाच्या कामावर होतो. आमच्या मजल्यावरच्या एका सहकाऱ्याला ताप आला, त्याला रुग्णालयात नेलं आणि आम्हा सगळ्यांना घरातच राहण्याचा हुकूम झाला. बायको-मुलगा गावी गेले होते. सरकारी माणसं येऊन फ्लॅटमध्ये कॅमेरा बसवून गेली. फोन वाजला की कॅमेरा चालू करायचा, समोर बसायचं, थर्मामीटर दाखवायचा. हुकूम सुरू होऊन दोन दिवस झाले आणि धाकट्या भावाचा फोन आला. आबा गेले होते. अग्नी त्यानेच दिला.

मी न्हाणीघरात कात्री आणि दाढीचं पातं घेऊन डोकं तासलं. मागचं दिसत नव्हतं, तिथे केसांचे पुंजके राहिले. संध्याकाळी कॅमेऱ्याचा फोन आला. पलीकडे एक बाई होती.

"तुम्ही कोण?" तिने इंग्रजीत विचारलं. "या फ्लॅटमधला माणूस कुठे गेला?"

"मीच तो."

"फोटोत केस आहेत. कार्ड धरा समोर."

मी एम्प्लॉयमेंट पासचं कार्ड गालाशी धरलं. तिने मान डावीकडे वळवायला लावली, मग उजवीकडे. वडील वारले आणि आमच्यात मुलगा केस काढतो, हे मी सांगितलं. मग ती तिथल्या बोलीतला 'ला' लावून म्हणाली, "सॉरी, हं. पंख्याखाली बसू नका ला. डोक्याला काहीतरी घाला."

माझ्या वडिलांच्या मृत्यूबद्दल समोरासमोर झालेलं ते पहिलं बोलणं. मी तिचा चेहरासुद्धा पाहू शकत नव्हतो.

वरच्या मजल्यावर एक काका राहत. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी, एका जहाज कंपनीत कारकुनी करून निवृत्त झालेले, पत्नी जाऊन काही वर्षं झालेली. मराठी बोलायला माणूस मिळतो म्हणून ते आमच्याकडे येत. बाकीचे शेजारी माझ्या दारावरून भराभर जात असताना काका जाळीच्या दाराला डबा अडकवून वर जात आणि मग फोन करत. आबांचं मी त्यांना पहिल्याच फोनवर सांगितलं होतं.

"फोडणी दिलेली नाही हो भाताला. या दिवसांत तुमच्यात चालत नाही ना?"

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"गावात शेजार कुणाचा होता आमचा? डोकं तासलंस का?"

"तासलं. अर्धंमुर्धं."

त्यांना मी पागोट्याचं सांगितलं. हुकूम संपत होता तेराव्याच्या आधी. विमान मिळालं तर मी वेळेत पोहोचणार होतो आणि माझे मामा थोरला म्हणून मला पाटावर बसवणार होते.

काका म्हणाले, "आमच्यातही वेगळं नाही रे, हेच आहे. जुन्या इस्राएलांत डोक्यावरचं लेणं म्हणजे माणसाचा मान. याजकांना, म्हणजे पुजाऱ्यांना, तागाचं गुंडाळलेलं शिरोभूषण, नवऱ्या मुलाला वेगळं, बायकांच्या कपाळावर पट्ट्या. मयत झालं की ते उतरायचं आणि डोक्यात राख घालायची. देवाने सांत्वन केलं म्हणजे काय केलं, तर राख काढून त्या जागी पुन्हा शिरोभूषण ठेवलं. मी बायको गेली तेव्हा सदऱ्याची कॉलर फाडून सात दिवस जमिनीवर बसलो. राख नाही घातली. आता कोण घालतं?"

मला फार बरं वाटलं. इतक्या लांबच्या, इतक्या जुन्या लोकांनाही हे ठाऊक होतं.

हुकूम संपायच्या आदल्या दिवशी भावाचा फोन आला.

"दादा, तिकीट काढलंस का?"

"ऑफिसला कळवलंय. उद्या काढतो."

"नको काढूस." तो म्हणाला. "तालुक्याला एक जण परदेशातून आला, तर त्याला कोंडून ठेवलंय. लोक म्हणतात, तू आलास तर तेराव्याला कुणी पान घ्यायला येणार नाही. आबांचं तेरावं, आणि पंगत रिकामी."

"आई काय म्हणते?"

"आईनेच सांगितलंय."

"आणि पागोटं?"

"मामा म्हणतात, धाकट्याला बांधू."

मी बांधा म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

तेरावं झालं. पंगत भरली होती, असं आईने आनंदाने सांगितलं. त्याच सुमारास ऑफिस उघडलं. बोडक्या माणसाकडे पाहून लोक लिफ्टमधून बाहेर पडत. मी आजारातून उठलोय असं त्यांना वाटे. साहेबांनी हळूच सुचवलं, टोपी घालता का? मी काकांकडे टोपी मागितली. त्यांनी कपाटातून एक साधी सुती टोपी काढून दिली. मी ती घालेपर्यंत ते माझ्याकडे पाहत राहिले.

"आमच्यात एक संदेष्टा होता, देवाचा निरोप लोकांना सांगणारा," ते म्हणाले. "त्याची बायको गेली. तिच्यावर त्याचा फार जीव. देवाचा हुकूम झाला, रडायचं नाही, डोक्यावरचं काढायचं नाही. बांध आणि कामाला लाग. सगळ्या शहरावरच संकट येणार होतं, सांत्वन कुणी कुणाचं करायचं?"

"त्याने ऐकलं?"

"संध्याकाळी बायको गेली, सकाळी हा फेटा बांधून लोकांसमोर."

मी ती टोपी घालून कितीतरी दिवस पाया लेबारला जात राहिलो. केस आले तेव्हा काढली.

दिवाळीला गावी गेलो. धाकट्याने खुंटीवरचं पागोटं काढून माझ्यासमोर खाटेवर ठेवलं.

"दादा, हे तुझं. मी तेव्हा नुसतं धरून ठेवलं."

एका बाजूने ते सैल होऊन उलगडलं होतं. मामा पावसाळ्यात वारले होते, नीट बांधणारं आता घरात कुणी नव्हतं. आई दाराशी उभी होती. मी ते उचलून पुन्हा त्याच्या हातात दिलं. आबांच्या शेवटच्या महिन्यांत त्यांचं सगळं त्याने केलं होतं, अग्नी त्याने दिला होता. त्याच्या डोक्यावर ते बसलं होतं आणि ते खरं होतं.

परत आल्यावर काकांनी दारातच विचारलं, "बांधलं का?"

"नाही."

ते आत येऊन बसले. मी चहा ठेवला. कप त्यांच्या हातात देत मी विचारलं, "तो तुमचा संदेष्टा नंतर कधी रडला, काका?"

"ते लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "मी शोधलंय."