नंबर तीनची खांद

राज्यांची नवी आखणी झाली, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, आणि आम्ही सौंसर-पांढुर्ण्याची मराठी माणसं होतो तिथंच राहिलो. त्यानंतरच्या पावसाळ्यात आमच्या ट्रान्सपोर्ट प्लाटूनला पुराच्या ड्यूटीवर पांढुर्ण्याला धाडलं. मी प्लाटूनचा मेकॅनिक. रँक नायक, घर मोहगावला. फौजेत राहून आपल्याच तालुक्यात पोस्टिंग, म्हणजे आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन. घरी जायला सुट्टी मात्र एका दिवसाचीही मिळाली नाही.

काम ठरलेलं होतं. रेल्वेनं आलेलं धान्य आणि रॉकेलचे ड्रम स्टेशनच्या यार्डात भरायचे आणि रस्ता तुटलेल्या गावांना पोचवायचे. सकाळी परेड, मग गाड्यांची तपासणी, मग लोडिंग. आमचे सुभेदार साहेब गढवालचे. कमी बोलत आणि बोलले की ते हुकूमच असे.

तेव्हा फौजेत बहुतेक गाड्या पेट्रोलच्या होत्या. आमच्याकडे काही डिझेल ट्रक होते, त्यातला नंबर तीन सगळ्यात खोडकर. इंजिनातून जळून बाहेर पडणारा धूर एका लोखंडी मॅनिफोल्डमधून सायलेन्सरकडे जातो. मॅनिफोल्ड आणि इंजिन यांच्यामधलं गॅस्केट जळलं की जोडातून आग ओकल्यासारखी गरम हवा सुटते. फस् फस् असा आवाज येतो आणि लोखंडावर काजळीचा पट्टा उमटतो. आता ट्रकला टर्बो असतात, त्यांच्या जोडातूनही असंच गळतं, आणि ड्रायव्हर लोक आजही ‘चालते, चालते’ म्हणत पुढं रेटतात. मला त्या शब्दाची चीड आहे.

नंबर तीनचं गॅस्केट गेलं होतं आणि नवं स्टोअरमध्ये नव्हतं. मी मॅनिफोल्ड उतरवला, जोड खरवडून साफ केला, पुट्टीत भिजवलेली ॲस्बेस्टॉसची दोरी बसवली आणि बोल्ट मधून कडेकडे कसत नेले. जोडाजवळूनच डिझेलचा रबरी पाइप जात होता, म्हणून काम जिवावरचं होतं. पुट्टी सुकायला वेळ हवा होता.

ड्रायव्हर लान्स नायक गोविंदा. पांढुर्ण्याचाच, पंचविशीतला, हसरा. त्याला मी बजावलं, “जोडाला बोटही लावायचं नाही.”

“नाही लावत, उस्ताद.”

मी दुसऱ्या गाडीकडे गेलो.

दुसऱ्या दिवशी पोळा होता. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांद शेकतात. वर्षभर जू ओढून दुखावलेल्या खांद्याला पळसाच्या पानानं तूप-हळद चोळतात आणि बैलाच्या कानात सांगतात, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ गोविंदाची आई त्या दुपारी तुपाची वाटी घेऊन यार्डात आली. सुभेदार साहेबांना म्हणाली, “बैलाची खांद शेकतो आमी, मंग ह्या लोखंडाच्या बैलाची काहून नाही?” साहेब क्वचितच हसत. त्या दिवशी हसले आणि म्हणाले, “जल्दी, माताजी.” मी तेव्हा ड्रम बांधायला मागे होतो. पुढं एवढंच दिसलं की म्हातारी ट्रकच्या दिव्यापाशी तोंड नेऊन आवतन देत होती. आम्ही सगळे हसलो.

निघालो तेव्हा उघडीप होती. नंबर तीन पुढं, मी गोविंदाच्या शेजारी, साहेब मागच्या गाडीत. मोहगाव जवळ येत होतं. उतार लागला आणि केबिनमध्ये तुपाचा वास भरला.

“काय रे, पुऱ्या तळून राहिला का?”

गोविंदा हसला. “मायनं इचारलं, कुठं दुखते तिले? मी बॉनेट उघडून तो जोड दाखवला. मायनं चांगलं मुरवून लावलं.”

“तुला काय सांगितलं होतं?”

“तुमी मले म्हणलं होतं उस्ताद, मायले थोडी म्हणलं!”

ओल्या पुट्टीत तूप मुरलं, तर ती धरणार कशी? “गाडी थांबव” म्हणेपर्यंत फस् फस् सुरू झालं, मग फाडकन दोरी उडाली. बॉनेटच्या फटीतून काळा धूर आला, आणि धुरामागून ज्वाळा. रबरी पाइप पेटला होता.

समोर नाला होता. पोळ्यासाठी धुवायला आणलेले बैल रपट्यावर, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावर, आणि दोन्ही काठांवर उभे होते, त्यांच्यात माणसं, बाया, पोरं. आमच्या मागे रॉकेलचे ड्रम. इंजिन बंद केलं तर डिझेल थांबेल, पण पेटलेली गाडी ऐन गर्दीत उभी राहील. चालू ठेवलं तर पंप आगीवर डिझेल ओतत राहणार.

मागून साहेब ओरडले, “रोकना मत! खुले में निकालो!”

गोविंदा म्हणाला, “उस्ताद, उतरा. रस्ता करा.”

मी उडी मारली आणि धावलो. “हटा! बैल काढा! हटा!” घसा फाटेस्तोवर ओरडलो. एका बैलाची वेसण मीच ओढली. लोक नाल्यात कोसळले, बैल उधळले. मधोमध वाट झाली आणि नंबर तीन त्या वाटेनं गेली. दार उघडं होतं. ज्वाळा इंजिनामागची फळी फोडून केबिनमध्ये आल्या होत्या आणि गोविंदाचा पाय ॲक्सिलरेटरवर होता. त्यानं तो उचलला नाही. इतकी भीती मला पुढं सरहद्दीवरही कधी वाटली नाही.

पलीकडच्या पडीक वावरात त्यानं इंजिन बंद केलं. आम्ही एक्स्टिंग्विशर रिकामा केला, मग ओंजळींनी ओली काळी माती फेकली. गावकरी धावले, टोपल्यांनी चिखल टाकू लागले. आग विझली. एकही ड्रम पेटला नव्हता. गोविंदाला आम्ही ओढून काढलं तेव्हा त्याचे पाय पाहवत नव्हते.

हॉस्पिटलात तो शुद्धीवर होता. मला जवळ बोलावून म्हणाला, “मायले तुपाचं सांगू नोका.” त्या आठवड्यातच तो गेला.

प्लाटून छावणीत परतल्यावर इन्क्वायरी झाली, तीत मी सगळं सांगितलं, तुपासकट. सुभेदार साहेब बाहेर येऊन म्हणाले, “यह बात पांढुर्ना नहीं जाएगी।” आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या.

तेरवीनंतर त्याची ट्रंक घेऊन मीच पांढुर्ण्याला गेलो. आई उंबऱ्यात बसली होती. रडून रडून कोरडी झालेली.

“नाल्यावरची मानसं वाचली?”

“सगळी वाचली, माय.”

“आन् बैल?”

“एकालाही धक्का लागला नाही.”

ती बराच वेळ ट्रंकेवरचं नाव चाचपत राहिली. मग म्हणाली, “दुखऱ्या जागी मी तूप लावलं होतं ना बावा, म्हणून तिनं तेवढा दम धरला. नाही तं नाल्यातच सगळ्याइले घेऊन बसली असती.”

“हो, माय,” मी म्हणालो.

तिनं मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. गोविंदाच्या पाटावर बसवलं, ताट वाढलं आणि भातावर तुपाची धार धरली. मी पुरे म्हणालो नाही.