डिस्कचा होकार

आमच्या दवाखान्यातल्या संगणकाच्या खोलीबाहेर उद्घाटनाची काळ्या दगडाची पाटी आहे. आतल्या यंत्रापेक्षा ती मोठी आहे. तिच्यावर उद्घाटकांचं, अध्यक्षांचं, सगळ्या विश्वस्तांचं आणि खोलीला पंखा देणाऱ्या गृहस्थांचंही नाव आहे. ज्याने रुग्णनोंदणीचा सगळा कारभार एकट्याने संगणकावर आणला, त्या माझ्या मित्राचं मात्र नाही. त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं. "दगडावर नाव मेल्यावर टाकतेत बे," तो म्हणाला होता, "मले घाई नाही." पुढे काही वर्षांतच तो काविळीने गेला. पाटीवर जागा तेव्हाही निघाली नाही.

बुलढाण्याच्या त्या धर्मादाय दवाखान्यात संगणक सांभाळणारे आम्ही दोघंच होतो. तो गेल्यावर मी एकटा उरलो. विश्वस्तांनी त्याच्या बायकोला केस पेपरच्या खिडकीवर घेतलं, तेही कंत्राटावर. मी त्यांना वहिनी म्हणायचो, त्या मला भाऊजी. दोन पोरी शाळेत होत्या आणि घरात दुसरं मिळवतं माणूस नव्हतं.

मोताळ्याकडची बस घाट चढून आली की खिडकीसमोर रांग लागायची आणि ती हलायची नाही. एक दिवस सचिवांनी मला बोलावलं. "बाई फार हळू आहेत. अध्यक्षांपर्यंत तक्रारी गेल्यात. येत्या बैठकीत त्यांना काढायचं की ठेवायचं ते ठरेल. तुम्ही एकदा मशीन तपासून ठेवा, म्हणजे उगाच मशीनवर ढकलायला नको." निकाल तयार होता. फक्त माझी सही हवी होती.

मी आधी वहिनींच्या मागे स्टूल टाकून बसलो. त्या नाव विचारायच्या, गाव विचारायच्या, वय विचारायच्या. म्हाताऱ्या बाईला वय सांगता येत नसलं तर थोरल्या लेकाचं विचारून अंदाज बांधायच्या. एवढं होऊनही टायपिंग झपाझप व्हायचं. मग त्या एक कळ दाबायच्या, हात मांडीवर ठेवायच्या आणि पडद्याकडे बघत राहायच्या. रांगेला दिसायचे ते फक्त मांडीवरचे हात.

"काऊन वो बाई," रोहिणखेडचा एक म्हातारा खिडकीच्या गजांना धरून म्हणाला, "नाव लिहून राह्यली का कोरून राह्यली?"

रांग हसली. वहिनीही हसल्या. "कोरूनच राह्यली बाबा. पुसलं नाई पाहिजे नं तुमचं."

मी खोलीत गेलो. डेटाबेसचं सगळं काम सर्व्हरवर अखंड चालणारी एक प्रक्रिया करत असते. ती कोणती फाइल उघडते, कुठून वाचते, कुठे लिहिते आणि कशाला किती वेळ घेते, हे ओळीओळीने दाखवणारं साधन असतं. ते मी तिच्या मागे लावलं. पडद्यावर ओळी धावू लागल्या. वाचणं चटकन होत होतं. लिहिणंही चटकन. पण प्रत्येक लिहिण्यानंतर एक ओळ यायची आणि तिथे सगळं ठप्प व्हायचं. त्या ओळीत प्रक्रिया डिस्कला विचारत होती की तबकडीवर खरंच लिहिलंस का, आणि डिस्क हो म्हणेपर्यंत उभी राहत होती. बाकी सगळी कामं मिळून जेवढा वेळ जायचा, त्याच्या कितीतरी पट या एका होकाराची वाट बघण्यात जात होता.

त्यात एका केस पेपरचे तुकडे पाडलेले होते. नाव लिहा, विचारा. पत्ता लिहा, विचारा. विभाग, तक्रार, फी, दरवेळी पुन्हा विचारा. खिडकी एकटीच होती तेव्हा हे खपून गेलं. नंतर तपासणीची लॅब आणि औषधाचं दुकानही त्याच यंत्राला जोडलं आणि डिस्कपुढेही रांग लागली. लॅब हळू झाल्याचं कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण रिपोर्ट संध्याकाळीच द्यायचे असत. औषधाच्या दुकानात लोक उधारीवरून भांडण्यात गुंतलेले. माणसांची रांग होती ती फक्त वहिनींच्या खिडकीसमोर.

हे असं कुणी केलं, हे मला शोधावं लागलं नाही.

लोडशेडिंगच्या ऐन भरातली गोष्ट. बॅटऱ्या दम टाकलेल्या. वीज गेली की अर्धवट लिहिलेलं उडायचं. एकदा एका पोराच्या कागदावरून पेनिसिलीन चालत नसल्याची नोंद अशीच गेली. नर्सने पोराला ओळखलं म्हणून सुई टोचायची राहिली. मित्र त्या दिवशी जेवला नाही. त्याने, डिस्क तबकडीवर लिहिण्याआधी मजकूर जिथे नुसता धरून ठेवते ती तिची तात्पुरती स्मृती बंद केली आणि प्रत्येक तुकड्यापाठी तो होकार मागायला लावला. मी म्हटलं, एवढं कशाला, डिस्क सांगतेच की लिहिलं म्हणून. तर म्हणाला, "डिस्क बी पुढाऱ्यासारखीच असते बे. काम झालं म्हणते, अन् कागद खिशातच असते."

बैठकीच्या आदल्या दिवशी मी वहिनींना पडदा दाखवला. ओळ कुठे थांबते ते दाखवलं. पोराची ती पेनिसिलीनची गोष्टही सांगितली. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"म्हणजे हे त्यायनंच करून ठेवलेलं हाय."

"हो. तेव्हा गरजेचं होतं. आता बॅटऱ्या नव्या आहेत, जनरेटर आहे. सगळे तुकडे एकत्र लिहून एकदाच विचारलं तरी चालेल. पण प्रोग्राम त्याने लिहिलेला, मला समजून घेऊन बदलायला काही आठवडे लागतील. उद्या हे सांगतो, म्हणजे तुमचं बालंट जाईल."

त्यांनी पदराने पडद्यावरची धूळ पुसली आणि खिडकीवर गेल्या.

बैठकीचा पहिला निम्मा वेळ अध्यक्षांच्या सत्काराच्या ठरावात गेला. सत्कार कशाबद्दल, तेवढं ठरायचं होतं. मग आमचा विषय आला. वहिनींना दाराशी उभं केलं होतं. मी सांगितलं की बाईंचा हात चांगला चालतो, थांबतं ते यंत्र.

"थांबतं म्हणजे?" अध्यक्षांनी विचारलं. "एवढ्या थाटात उद्घाटन केलं मी त्याचं."

"तशी रचना केलेली आहे, साहेब."

"कुणी केली? म्हणजे मुळातच चुकीचं काम करून गेला का तो माणूस?"

मी तोंड उघडलं, पण दाराशी आवाज आला. "नाही साहेब. मशीन चांगली हाय. माहाच हात चालत नाही. मी आत्ता आत्ता शिकली."

"वहिनी," मी म्हणालो.

"माहाच हात चालत नाही," त्या पुन्हा म्हणाल्या. या वेळी माझ्याकडे बघून.

मी तरीही दोन वाक्यं बोललो. पण आरोपी कबूल झाल्यावर वकिलाचं कोण ऐकतं. अध्यक्षांनी मोठ्या मनाने नोकरी कायम ठेवली, पगार कमी केला आणि त्यांना चादरी-गाद्यांच्या भांडारात पाठवलं. मोठ्या मनाची नोंद इतिवृत्तात झाली.

व्हरांड्यात मी चिडून विचारलं, "असं काऊन केलं तुम्ही?" शहरी मराठी अशा वेळी सुटते.

"भाऊजी, मले हळू म्हणलं त मी घरी जाऊन रडून घेईन," त्या म्हणाल्या. "त्यायले म्हणलं त थे कुठं रडतीन?"

काही आठवड्यांनी माझं काम पुरं झालं. डिस्कची स्मृती मी बंदच ठेवली. फक्त तुकडे एकत्र बांधले, आता एका कागदापाठी एकदाच विचारणं. खिडकीवर तोवर एक नवी मुलगी आली होती. बस घाट चढून आली, रांग लागली आणि बघता बघता विरली. सचिव बाहेर येऊन उभे राहिले. मी त्यांना सांगितलं की हा प्रोग्राममधला बदल आहे. "हो, हो," ते म्हणाले, "पण माणूस बदलला की कसा फरक पडतो, ते बघा." दवाखान्यात सगळे तेच म्हणाले. मी केलेली दुरुस्तीच वहिनींच्या विरुद्धचा पुरावा ठरली होती.

दुपारी त्या वॉर्डाच्या चादरी घेऊन तिकडून चालल्या होत्या. रांग नसलेल्या खिडकीसमोर मला बघून थांबल्या.

"चांगलं चालून राह्यलं नं?"

"हो."

"काढून नाई टाकलं नं त्यायचं?"

"नाही. अजून विचारतं डिस्कले. एकदाच, पण विचारतं."

त्यांनी चादरींचा गठ्ठा दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि नव्या मुलीला म्हणाल्या, "कळ दाबली की घाई नको करू वो बाई. त्याले हो म्हणू दे."