चित्रातले शेकाटे

प्रदर्शनाच्या दालनात शिरलो तेव्हाही मी पार्किंगवरून तणतणतच होतो. समोरच्या भिंतीवर तळ्याकाठचं एक मोठं चित्र होतं. उथळ पाण्यात लांब लाल पायांचे शेकाटे पक्षी किडे टिपत होते. एकाने नुकताच पाय उचललेला, त्यावरून चिखलाचं पाणी ओघळत होतं. दुसरा मान ताठ करून थेट आमच्याकडे बघत होता.

"अहो, हळू बोला ना," बायको माझी बाही ओढत म्हणाली, "उडतील ते."

बोलली आणि स्वतःच लाजली. पण मीही जागच्या जागी थांबलो होतो. आजवर मी पाखरं पाहिली ती बहुतेक पाठमोरीच. मी जवळ जावं आणि त्यांनी उडून जावं, एवढीच आमची ओळख. हे चित्र काढणारा माणूस तळ्याकाठी किती वेळ गप्प बसला असेल!

तेवढ्यात मागे कुणाचा तरी मोबाइल खणखणला. आम्ही दोघांनी दचकून चित्राकडे पाहिलं. एकही पक्षी उडाला नव्हता.

खरं तर हायसं वाटायला हवं होतं. मला मात्र उगाच वाईट वाटलं.