मनोहरच्या टेबलावरचा दुसरा माणूस

हे सांगायचं मी दहा वर्षं टाळलं. आधी वाटलं, प्रकरण जरा थंड होऊ दे, मग सांगू. थंड झाल्यावर वाटलं, आता पुन्हा कशाला उकरून काढायचं. सात आठवड्यांपूर्वी, एका मंगळवारी सकाळी मी बीपीची गोळी घेत होतो तेव्हा शलाकाचा फोन आला. शलाका म्हणजे माझ्या मित्राची, मनोहर ठोंबरेची मुलगी. ती असते दूर पश्चिम किनाऱ्यावर, कोक्विटलामला, पण गेला महिनाभर इथे ओटावात वडिलांजवळच होती. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणाली. फ्युनरल होममध्ये मी दोन शब्द बोललो. मनोहर किती हाडाचा शिक्षक होता वगैरे. नंतर कॉफीच्या टेबलापाशी शलाका आली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "काका, निदान बाबांचं गॅम्बलिंग तरी सुटलं होतं. ही वॉज क्लीन फॉर टेन इयर्स. आय ॲम सो प्राउड ऑफ हिम." मी मान हलवली. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसानं, मित्राच्या देहापासून वीस पावलांवर उभं राहून, मान हलवली. त्या दिवसापासून मला जेवण गोड लागलेलं नाही, म्हणून हे लिहितो आहे. मनोहर जुगारी नव्हता. आणि त्या टेबलावर तो कधीही एकटा नव्हता.

मनोहर नागपूरच्या एका शाळेत गणित शिकवायचा. पंचेचाळिशीत इथे आला. त्याच्या बी.एड.ला इथे कुणी विचारलं नाही आणि पुढची अठरा वर्षं त्यानं एका गोदामात खोकी मोजली. मी सरकारी खात्यात खुर्चीत बसून होतो. पण शिक्षक म्हणून तो जगला तो आमच्या मंडळाच्या मराठी शाळेत. दर रविवारी भाड्याच्या वर्गात तो मुलांना पाढे शिकवायचा, तेही साधे नाहीत, अपूर्णांकांचे. पावकी, निमकी, पाऊणकी, अडीचकी, साडेतीनची औटकी... आपल्यापैकी ज्यांचे आजोबा हे घोकून मोठे झाले त्यांनाच ही नावं आठवतील. 'वॉशरूमला जाऊ का' हेसुद्धा मराठीत धड न विचारणारी मुलं त्याच्यासमोर डोलत डोलत "चार अडीचं दहा" म्हणायची. "सर, व्हाय डू वी नीड धिस?" असं एकीनं विचारलं तर म्हणाला, "डोकं स्वच्छ राहतं, बाई. दातांसारखं असतं ते." गोदामातली अठरा वर्षं त्यानं त्या रविवारच्या दीड तासावर काढली, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

आम्ही दोघं निवृत्त झाल्यावर एकदा मंडळाच्या ज्येष्ठांची सहल निघाली. शहरापासून तासाभरावर एक कसिनो आहे. सकाळी बस नेते, दुपारच्या बफेचं कूपन देतात, बायका दहाएक डॉलर मशीनमध्ये घालून हसतखिदळत परत येतात. मनोहर काही खेळला नाही. ब्लॅकजॅकच्या, म्हणजे पत्त्यांची बेरीज एकवीसपर्यंत न्यायच्या खेळाच्या, एका टेबलामागे हात बांधून तासभर उभा राहिला. मी जेवायला बोलवायला गेलो तर म्हणाला, "सदा, हे लोक वेडे आहेत का बे? लहान पत्ते सगळे येऊन गेले. आता आत राहिलेत ते दहा, चित्रं न् एक्के. आत्ता पैसे लावायचे सोडून जेवायला निघाले."

त्या खेळात सहा कॅट एकत्र पिसून ठेवलेले असतात. दुरी ते छक्की, यातलं पान पडलं की मनात एक मिळवायचा. दहा, चित्र किंवा एक्का पडला की एक वजा करायचा. मधल्या पानांना शून्य. आकडा वर चढला म्हणजे उरलेले पत्ते खेळणाऱ्याच्या बाजूचे. पण किती बाजूचे, ते कळायला त्या आकड्याला उरलेल्या कॅटांनी भागावं लागतं, आणि उरलेले कॅट कधी पूर्ण नसतात. कधी अडीच, कधी साडेतीन. भल्याभल्यांचं डोकं इथे अडतं. मनोहरचं अडीचकीत एक क्षणही अडत नसे. आकडा दहा, उरलेत अडीच कॅट, म्हणजे चार. पत्ता टेबलाला टेकायच्या आत त्याचं उत्तर तयार.

त्याला गंमत पुरे होती. हाव मला सुटली. हे स्पष्ट लिहितो, कारण इतकी वर्षं याच्या उलट समजूत आहे. महिनाभर मी त्याच्या मागे लागलो. "तू नुसतं मोज. पैसे मी लावतो." तो म्हणायचा, "कशाला बे? पेन्शन कमी पडते का तुला?" शेवटी मैत्रीखातर तयार झाला आणि मग रीतसर शिक्षकासारखी पद्धत आखली. तो टेबलावर बसून सगळ्यात लहान डाव लावत राहणार. मी आसपास फिरणार. आकडा चढला की तो चष्मा काढून पुसणार, मग मी येऊन बसणार आणि मोठे डाव लावणार. चष्मा कपाळावर गेला की मी उठायचं. मनातल्या मनात मोजणं हा काही गुन्हा नाही, पण कसिनोवाल्यांना ते आवडत नाही. लक्षात आलं तर डाव वाढवू देत नाहीत. म्हणून त्यानं नियम घातला होता: आत गेलं की आपण एकमेकांना ओळखत नाही. मराठी नाही, मान हलवणं नाही, हसणं नाही. भेटायचं ते पार्किंगमध्ये.

दोन हिवाळे आम्ही दर बुधवारी सकाळी गेलो. फार काही मिळालं नाही. त्याच्या वाट्यातून तो वर्गातल्या मुलांना कंपासपेट्या आणायचा. गाडीत परत येताना तो इतका खुशीत असायचा, की मी चुकीच्या वेळी पत्ता मागितला तर चाळीस मैल मला शिव्या घालायचा. "तुला पाचवीत नापास करणारा मास्तर भेटायला पाहिजे होता!" माझ्या निवृत्तीतले ते सर्वात चांगले बुधवार.

मग एका बुधवारी मंडळातले पाटणकर पाहुण्यांना घेऊन बफेला आले. मनोहरची दाराकडे पाठ होती. मी त्याच्यापासून दोन खुर्च्यांवर होतो आणि मला ते दारातून आत येताना दिसले. मी माझ्या पैशांच्या चकत्या उचलल्या, सरळ वॉशरूममध्ये गेलो आणि पाव तास हात धूत राहिलो. बाहेर आलो तेव्हा पाटणकर मनोहरच्या खांद्यावर हात ठेवून मोठमोठ्यानं बोलत होते, "वा सर! पोरांना पाढे शिकवता आणि इथे हे?" मनोहरनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं... पाहिलं म्हणजे माझ्यातून आरपार पाहिलं. त्याला नियम पाठ होता.

पुढे बातमीला पाय फुटले. सर रोज जातात, सरांनी पेन्शन उडवली, सरांचं घर गहाण आहे. मी मंडळाचा अध्यक्ष होतो. बैठक झाली ती माझ्याच घरी, बेसमेंटमध्ये. माझ्या बायकोनं बटाटेवडे केले होते. सातजण होतो आणि मनोहरला बोलावलं होतं. तो कोट न काढताच बसला. पाटणकर म्हणाले, "सर, तुमच्याबद्दल आदर आहे. पण उद्या पालकांनी विचारलं, आमच्या मुलांना जुगारी माणूस शिकवतो का, तर काय सांगायचं आम्ही?"

मनोहर म्हणाला, "तो जुगार नाही. हिशेब आहे."

"प्रत्येक जुगारी हेच म्हणतो, सर," कुणीतरी म्हणालं आणि एकदोघं हसले. मग पाटणकरांनी विचारलं, "कोणाबरोबर जाता तुम्ही? म्हणजे आपल्यातलं आणखी कोणी?"

खोलीत एकच माणूस सांगू शकत होता की सर खरं बोलताहेत, पैसे सरांचे नव्हते, माझे होते. मी चहाचा कप बशीत नीट ठेवला. मनोहरनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"एकटाच जातो," तो म्हणाला.

ठराव मीच वाचून दाखवला. 'सरांना शाळेच्या जबाबदारीतून तूर्त विश्रांती देण्यात येत आहे.' वाक्यही माझंच होतं, सौम्य म्हणून सगळ्यांनी वाखाणलं. वर दारापाशी तो खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधत होता. बाहेर बर्फ पडत होता. मी कुजबुजलो, "मनोहर, पुढच्या मीटिंगला मी बोलतो." तो उठला, टोपी घातली. म्हणाला, "नियम माझाच होता बे. तू पाळलास." मला माफ केलं की थोबाडीत मारली, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पुढच्या मीटिंगला मी बोललो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. वर्ग आधी दुसऱ्यांकडे गेला, मग मुलं कमी झाली म्हणून बंदच पडला.

शलाकाला हे कळलं ते कुणाच्या तरी व्हॉट्सॲपवरून. ती विमानानं आली, वडिलांची बँकेची कार्डं ताब्यात घेतली आणि त्यांना जुगार सोडवणाऱ्या कौन्सेलरकडे नेलं. मनोहर गेला. सहा वेळा गेला. मनोहरची बायको, कुमुदवहिनी, मला फोनवर रडत सांगत होत्या, "भाऊजी, हे काही बोलतच नाहीत. निदान तुम्ही तरी विचारा, कसं लागलं हे व्यसन?" मी म्हणालो, विचारतो. नसलेल्या व्यसनासाठी त्यानं सहा आठवडे त्या खुर्चीत बसून घेतलं, कारण खरं सांगायचं तर माझं नाव घ्यावं लागलं असतं. पुढे मंडळाच्या कार्यक्रमांना तो वहिनींना सोडायला यायचा, हीटर लावून गाडीत बसून राहायचा. त्या आत पुऱ्या लाटायच्या आणि मी आत माईकवर सर्वांचं स्वागत करायचो. आम्ही भेटत होतो, दिवाळीला फराळाचे डबे इकडून तिकडे जात होते. फक्त तो मला 'बे' म्हणेनासा झाला. 'सदाशिवराव' म्हणायचा.

शलाका, वहिनी, आता तुम्हाला सगळं माहीत आहे. पाटणकर, तुम्हालाही.

शेवटचा भेटलो ते हॉस्पिटलमध्ये, दुपारी. शलाका औषधांच्या दुकानात गेली होती, वहिनी घरी. खोलीत आम्ही दोघंच. मी ठरवूनच गेलो होतो. वाक्य गाडीत चारपाचदा मोठ्यानं म्हणून पाहिलं होतं. खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि सुरुवात केली, "मनोहर, त्या दिवशी बेसमेंटमध्ये मी..." तेवढ्यात नर्स सलाईन बदलायला आली. ती जाईपर्यंत त्याचा डोळा लागला होता. मी बसून राहिलो. तासाभरानं तो जागा झाला, माझ्याकडे बघत राहिला, आणि किती वर्षांनी म्हणाला, "काय म्हणत होतास बे?"

त्यानं वाट पाहिली. खरंच पाहिली. मी म्हणालो, "काही नाही. गाडीचे विंटर टायर्स बदललेत का, विचारत होतो."

"शलाका बघेल," तो म्हणाला, आणि भिंतीकडे वळला.

राहिलेलं वाक्य असं होतं: "...मी गप्प बसलो. पैसे माझे होते, हाव माझी होती, आणि तुझा वर्ग गेला. मला माफ कर, मनोहर."